तीन नळ, एक टाकी

"काच पुसल्याशिवाय आकडा वाचायचा नाही," असं आत्या म्हणायची. दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. भाजी निवडताना म्हणायची, भाचीचा निकाल बघताना म्हणायची, आणि कुणी कुणाची कागाळी घेऊन आलं की मग तर हमखास.

आत्या पाण्याची मीटरं वाचायची. एकतीस वर्षं तिचं तेच काम. गावातली सहाशे चाळीस घरं तिच्या वहीत होती आणि वहीत नसलेलंही त्या घरांचं बरंच काही तिला ठाऊक होतं. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पुठ्ठ्याची वही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, जुना दातांचा ब्रश, एक फडकं. मीटर उंबऱ्याच्या बाजूला भिंतीतल्या कोनाड्यात असायचं. त्याच्यावर कोळ्याची जाळी, आत मुंग्या, काचेवर शेवाळाचा पापुद्रा. आत्या आधी ब्रशनं माती झाडायची, मग फडक्यानं काच पुसायची, मग वाकून आकडा वाचायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा तोच आला तरच पेन्सिल कागदाला लागायची. तिच्याबरोबरचे लोक उभ्याउभ्या अंदाजानं आकडा टाकून चहाला जायचे. ते तिला हसायचे. आत्या म्हणायची, "हसा. माझा आकडा कुणी परत आणून दाखवा, मग मीपण हसते."

एकतीस वर्षांत कुणी आणला नव्हता.

आणि तिचा दुसरा अभिमान याहून मोठा. एका उंबऱ्याचं दुसऱ्या उंबऱ्याला न्यायचं नाही. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा मुलगा दुपारीच घरी येऊन झोपलाय, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं आणि तिथंच राहायचं. त्यामुळं तिला दार उघडायला कुणी उशीर करत नसे. नवरा-बायकोचं भांडण चालू असलं तर आत्या आली म्हणून थांबायचं नाही; ती मीटर वाचून निघून जायची आणि भांडण पुढं चालायचं. सगळं गाव तिला मीटरआत्या म्हणायचं. खरी आत्या ती एकाच पोरीची होती, तिच्या धाकट्या भावाच्या मुलीची. त्याच घरात, त्याच छपराखाली दोघी राहायच्या.

त्या भाचीला शाळेत टीपकागद म्हणत. जे कानावर पडेल ते तिच्या वहीत उतरायचं. वर्गात बाई खोकल्या तरी ती लिहून घेते, असं मुलं चिडवायची. शाळेचं एक पत्रक निघायचं, एकाच मोठ्या कागदाचं, हातानं लिहिलेलं. त्याच्या पाच झेरॉक्स निघायच्या आणि दर शनिवारी सकाळी पाच ठिकाणी चिकटवल्या जायच्या: शाळेचं फाटक, वाचनालय, बेकरी, सलून आणि बसचा थांबा. टीपकागद त्या पत्रकाची मुख्य बातमीदार. चित्रं काढायला वर्गातला उंच्या. आणि वर लक्ष ठेवायला भाषेच्या बाई. बाईंचा नियम एकच होता, किमान दोघांनी सांगितल्याशिवाय बातमी घ्यायची नाही.

त्या आठवड्यात टीपकागदाला बातमी मिळाली ती तिघांकडून. सलूनवाले म्हणाले, घड्याळवाले काका दुकान बंद करून मुलीकडं राहायला चाललेत. बेकरीवाले म्हणाले, अगदी खरं. वाचनालयातल्या ताई तर म्हणाल्या, गेले पण असतील. तीन माणसं, तिघंही भली. बाईंनी मान डोलवली.

आता घड्याळवाल्या काकांनाच का विचारलं नाही, असं कुणी म्हणेल. तर पोरांच्या मनात माया होती. काकांनी शाळेचं मोठं घड्याळ कितीदा तरी शिडीवर चढून दुरुस्त केलेलं. पोरांनी ठरवलं, त्यांना न कळवता निरोपाचा झकास लेख लिहायचा, शनिवारी सकाळी त्यांनी बघितला की डोळे भरून आले पाहिजेत. उंच्यानं दुकानाचं चित्र काढलं, खिडकीत टांगलेल्या घड्याळांसकट. टीपकागदानं वर ठळक अक्षरात लिहिलं, "आपले घड्याळवाले काका आता आपल्यात नसणार."

शनिवारी सकाळी दहाच्या आत दोन माणसं चेहरा पाडून काकांच्या दुकानापाशी आली. काका आत बसून चिमट्यानं स्क्रू उचलत होते. त्यांना बघून एक जण म्हणाला, "तुम्ही आहात?" काका म्हणाले, "बसायला जागा दुसरी नाही म्हणून इथंच आहे." दोघंही लाजून परत गेली. पण त्यांच्यामागून जी आली ती लाजली नाहीत. कुणी म्हणालं माझं मनगटी द्या, कुणी म्हणालं भिंतीवरचं द्या, झालं नसलं तरी चालेल, तुम्ही गेल्यावर कुणाच्या मागं लागायचं. दुपारपर्यंत अकरा घड्याळं उघड्या पोटानं परत गेली. गजराचं एक तर पिशवीतच वाजायला लागलं.

दुपारी काका शाळेत आले. डोळ्याला लावायचं भिंग तसंच कपाळावर चढवलेलं होतं. बाईंच्या खोलीत टीपकागद आणि उंच्या भिंतीला टेकून उभे होते.

"मी जातोय म्हणे," काका म्हणाले. "कुठं जातोय तेवढं सांगा, म्हणजे कपडे त्या हिशेबानं भरतो."

कुणी हसलं नाही. काकाही मग हसायचे थांबले. "चाळीस वर्षं झाली. माझ्या दुकानातून बंद घड्याळ बंदच परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. आज अकरा गेली," एवढं बोलून ते उठले. दारात थांबून उंच्याला म्हणाले, "चित्र छान काढलंयस हां. फक्त दुकानावर कुलूप काढलंयस, ते माझ्याकडं नाहीच."

ते गेल्यावर बाईंनी पत्रकाचा मूळ कागद टेबलावर पसरला. मग म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. पुढच्या शनिवारी दुरुस्ती जाईल. पण ती लिहायच्या आधी ही बातमी जन्मली कुठं ते शोधून काढ."

घरी टीपकागदानं जेवणाचं ताट तसंच ठेवलं. आत्या पायरीवर बसून फडकं धूत होती. तिनंही सकाळी बेकरीबाहेर तो लेख वाचला होता आणि तिला वाईटही वाटलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"तिघांनी. एक नाही, दोन नाही, तिघांनी सांगितलं, आत्या."

"आणि त्या तिघांना?"

टीपकागद वहीची पानं उलटायला लागली.

"बयो, आपल्या स्वयंपाकघरात एक नळ, मोरीत एक, अंगणात एक. तिन्ही सोडले आणि तिन्हींना गढूळ पाणी आलं, म्हणून काय तीन टाक्या गढूळ झाल्या? टाकी एकच. तू नळ मोजलेस." आत्यानं फडकं पिळलं. "उद्या रविवार. चल, पाइप धरून मागं मागं जाऊ."

रविवारी सकाळी दोघी निघाल्या. सुट्टी असूनही आत्यानं पिशवी खांद्याला लावली होती. त्याशिवाय तिला रस्त्यावर चालताच येत नसे. चाल अशी की जणू चोर पकडायला फौजदार निघालाय.

सलूनवाला कुणाच्या तरी गालावर वस्तरा फिरवत होता. "मला? मला शिवणवाल्या काकूंच्या मालकांनी सांगितलं. दाढी करताना. दाढी करताना माणूस खोटं बोलत नाही, आत्या, वस्तरा गळ्यापाशी असतो."

बेकरीवाल्यानं हात झटकले. पिठाचा ढग उडाला. "शिवणवाल्या काकू पाव घ्यायला आल्या होत्या. त्यांनीच सांगितलं."

वाचनालयातल्या ताई जिभेला बोट लावून पान उलटत म्हणाल्या, "मी बेकरीत ऐकलं बाई. मी काही आपल्या मनाचं बोलत नाही."

टीपकागदानं वहीत रेघा ओढल्या. तिन्ही रेघा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. बातमी मिळाली तेव्हाही तिला एवढा आनंद झाला नव्हता. "आत्या, सापडली टाकी."

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या म्हणाली आणि तिची मान आणखी दोन बोटं वर गेली.

शिवणवाल्या काकू घड्याळवाल्यांच्या घराला लागूनच राहायच्या. दारातच मशीन. तोंडात ओळीनं टाचण्या धरलेल्या. प्रश्न ऐकून त्यांनी आत्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, पुन्हा आत्याकडं पाहिलं. मग एकेक टाचणी काढून उशीला टोचली. पाच टाचण्या.

"अहो आत्या, असं काय करता? तुम्हीच की."

"मी काय?"

"मागल्या फेरीला तुम्ही मीटर बघायला आला होतात. जाताना म्हणालात, घड्याळवाले कुठं गेलेत का हो, दोन महिने झाले, मीटर जागचं हललं नाही. मी म्हटलं, दोन महिने पाण्याविना कोण राहील? गेले असणार मुलीकडं. दिवसा दिसतातच कुठं ते."

"मी विचारलं होतं," आत्या म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "सांगितलं नव्हतं."

"आता तुमचं विचारणं काय आणि सांगणं काय. इतक्या वर्षांत तुम्ही या दारात कुणाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मग जो बोललात तो वायफळ कसा असेल? दुसरं कुणी बोललं असतं तर मी कानाआड केलं असतं."

टीपकागदाची पेन्सिल वहीवरच थांबली. ओढलेल्या रेघेच्या टोकाशी नाव लिहायचं राहिलं होतं.

शेजारच्या दाराला त्या दिवशी कुलूप नव्हतं. रविवारी घड्याळवाले काका घरी असत. आत्यानं कडी वाजवली. काका बाहेर आले. तिनं एकच सांगितलं, "आतला नळ सोडा." काकांनी सोडला. आतून बादलीत पाणी पडल्याचा धोधो आवाज आला. आत्या कोनाड्यापाशी वाकून बघत होती. आकडा स्वच्छ, लख्ख, आणि जागच्या जागी. काटा तसूभरही हलला नाही.

काका नळ तसाच चालू ठेवून बाहेर आले. आत्याच्या शेजारी उकिडवे बसले, भिंग डोळ्याला लावलं, मग मीटरला कान लावला. एखाद्या म्हाताऱ्याची छाती तपासावी तसा.

"हे गेलंय, आत्या. चक्रात खडा अडकलाय. निदान तीन महिने झालेत याला जाऊन."

"मी 'घर बंद' लिहिलं," आत्या म्हणाली. "'मीटर बंद' लिहायला हवं होतं. दाराला कुलूप बघितलं आणि मीच ठरवून टाकलं."

"काच पुसली होतीत ना पण?" काकांनी विचारलं. विचारण्यात जरा मिश्कीलपणा होता.

"पुसली होती. दोनदा वाचला होता आकडा."

"मग तुमचं वाचणं बरोबरच. पण मी आहे की नाही हे मीटरला काय माहीत? मला विचारायचं."

"कुलूप होतं दाराला."

"दुकानाला नव्हतं."

आत्या पायरीवर बसली. टीपकागदानं तिला काम करताना बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मग काकांनी नळ बंद केला आणि चहा टाकला, आणि चहा पिताना तिघंही गजराच्या त्या घड्याळाच्या गोष्टीवर थोडं हसले. पण घरी येताना पिशवी आत्याच्या खांद्यावर नव्हती, हातात होती.

बुधवारी संध्याकाळी टीपकागदानं दुरुस्ती लिहून आणली. लिहिलं होतं, "मागील अंकातील बातमी गैरसमजातून छापली गेली. क्षमस्व."

आत्यानं चष्मा लावून वाचलं. "हा गैरसमज कुठं राहतो गं? माझ्या वहीत सहाशे चाळीस घरं आहेत, या नावाचं कुणी नाही."

"आत्या, तुझं नाव नको."

"का नको?"

तिचा भाऊ, टीपकागदाचे वडील, मध्ये पडले. "अक्का, निवृत्तीला चार महिने राहिलेत. झालं ते झालं. कुणाला कळलंय? घड्याळवाले बोलायचे नाहीत. राहिल्या शिवणवाल्या काकू, त्या एकट्या बोलल्या तर बोलल्या. कशाला हातानं डोक्यावर दगड घ्यायचा?"

"बाबा बरोबर सांगतात," टीपकागद म्हणाली. "लोकांना कळलं तू घरातलं बाहेर बोललीस, की दारं लावून घेतील. एकतीस वर्षांत कुणी लावलं नाही, आता लावतील. आणि ते माझ्या अक्षरात असेल."

आत्यानं चष्मा काढून काच पुसली. तिला स्वतःलाही हीच धास्ती होती आणि ती लपवण्याची तिला सवय नव्हती. सहाशे चाळीस दारं. त्यांतली किती मिटतील, याचा अंदाज ती तीन दिवस मनात घोळवत होती.

"समज, सलूनवाला बोलला असता," ती शेवटी म्हणाली. "मग लिहिलं असतंस नाव?"

टीपकागदानं मान खाली घातली.

"लिहिलं असतंस. मग माझं का गाळतेस? मी तुझ्या घरात जेवते म्हणून? तेवढ्यासाठी काकांच्या दुकानावर संशय राहू द्यायचा? गैरसमज झाला म्हटलं की लोक म्हणतील, काहीतरी असेल बाई, उगीच नाही धूर निघत. कुठून निघालं आणि का खोटं होतं, ते समजल्याशिवाय घड्याळ परत कोण आणील?"

"मग तूच सांग काय लिहू."

"मी सांगणार नाही. तू बघितलंस ते लिही. आणि तुमची चूकही लिही. नुसती माझीच नको."

वडील पुटपुटत उठून गेले. दोघी पाटीवर कागद ठेवून बसल्या. टीपकागदानं चार वेळा खोडलं, पाचव्यांदा लिहिलं.

शनिवारी पाच ठिकाणी कागद लागला. लेखाइतक्याच मोठ्या अक्षरात, लेख होता त्याच जागी. त्यात लिहिलं होतं:

"घड्याळवाले काका कुठंही जात नाहीत. त्यांचं दुकान रोज उघडं असतं. आम्ही तिघांना विचारून बातमी दिली, पण तिघांनीही ती एकाच घरातून ऐकली होती, आणि त्या घरात ती मीटरआत्यांच्या एका प्रश्नावरून सुरू झाली. काकांच्या घरचं मीटर बिघडलं होतं. आत्यांना वाटलं, घर बंद आहे. त्यांनी काकांना न विचारता शेजारी विचारलं. आम्हीही काकांना विचारलं नाही. विचारायला त्यांचं दुकान शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. हे सगळं आत्यांनी स्वतः आमच्याबरोबर फिरून शोधलं आणि त्यांचं नाव घालायला त्यांनीच सांगितलं."

उंच्यानं चित्र पुन्हा काढलं. या वेळी खिडकीत काका होते.

रविवार उलटायच्या आत आठ घड्याळं परत आली. आणणारे कसनुसं हसत म्हणायचे, "घाई नव्हती हो तशी." काका म्हणायचे, "मला आहे. मी जाणाराय ना." दोन तेवढी आली नाहीत. अकरावं बेकरीवाल्याचं होतं. तो म्हणाला, ते आपोआपच चालू झालंय, आता हात लावायला नको.

सोमवारी आत्याची फेरी नेमकी त्याच गल्लीतून सुरू व्हायची होती. टीपकागद शाळेला निघाली ती काकांच्या दुकानापाशी थांबली. तिथून गल्ली सरळ टोकापर्यंत दिसायची. काकांनी तिला आत बोलावलं नाही, तेच बाहेर येऊन उभे राहिले.

आत्यानं पहिलं दार वाजवलं ते शिवणवाल्या काकूंचं. जरा वेळ गेला. टीपकागदाला तो फार लांबला असं वाटलं. मग दार उघडलं आणि काकूंचा खणखणीत आवाज दुकानापर्यंत आला, "या, आत्या. बघा हलतंय का माझं. आणि काही दिसलं तर पहिलं मला सांगा हो, मग गावाला."

"तुम्हालाच सांगेन," आत्या म्हणाली, "तेवढ्यानं गावाला कळतंच." दोघी हसल्या.

दुसरं दार उघडलं. तिसऱ्या घरातल्या सूनबाईंनी पदर सावरत दार उघडलं खरं, पण आतल्या खोलीचा पडदा आधी ओढून घेतला. आत्यानं ते पाहिलं आणि आकडा टिपून पुढं झाली. चौथं घर निवृत्त हेडक्लार्कांचं. त्यांनी दार उघडलं नाही. खिडकीची फट किलकिली करून म्हणाले, "आकडा मी वाचून ठेवलाय. सांगतो, लिहून घ्या."

"सांगितलेला चालत नाही, साहेब. बघावा लागतो."

"मग पुन्हा या."

आत्या पायरीवर तशीच उभी राहिली. तिनं वही उघडली, पेन्सिल घेतली आणि लिहिलं. नेहमीसारखं दोनदा वाचलं. मग खिडकीकडं बघून म्हणाली, "दार उघडलं नाही, असं लिहिलंय. गुरुवारी येते." आवाजात राग नव्हता. वाईट मात्र वाटलं होतं, ते तिच्या चालण्यात एका घरापुरतं दिसलं.

पाचव्या घराचं दार तर आधीपासूनच उघडं होतं. आतून कुणीतरी कुणाला तरी टाकून बोलत होतं. आत्या आत गेली तरी बोलणं थांबलं नाही. ती बाहेर आली तेव्हाही चालूच होतं.

शाळेची घंटा झाली होती, तरी टीपकागद हलली नाही. काकांनी लांबचं नीट दिसावं म्हणून डोळ्यावरचं भिंग काढून खिशात टाकलं. हेडक्लार्कांच्या खिडकीची फटही अजून मिटली नव्हती. आत्या पिशवी खांद्यावर सरकवत गल्लीच्या टोकाशी गेली, वळणावरच्या घराची कडी वाजवली, आणि दिसेनाशी झाली.